वही घरी ठेव

प्रिय मित्रा,

दोन गाणी चालली, शोचे पैसे येऊ लागले आणि आता तुला रॅप बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोर उभं राहून एकमेकांना ओळींनी हाणायच्या सामन्यात, उतरायचंय. उतर की! पण आधी २०१२ मधली, लॉस एंजेलिसची कॅनिबस विरुद्ध डिझॅस्टर ही बॅटल बघ. लीग, म्हणजे बॅटल भरवणारी संस्था, होती किंग ऑफ द डॉट. कॅनिबस म्हणजे १९९८ मध्ये एल एल कूल जे या बड्या रॅपरला अंगावर घेतलेला गडी. अशा माणसानं शेवटी सगळ्यांदेखत हार कबूल केली, वही काढली आणि तीत बघून वाचायला लागला. मी पहिल्यांदा तो व्हिडिओ मधेच बंद केला. बघवेना.

लिहिण्यात तो कच्चा नव्हता, हे आधी डोक्यात घे. स्टुडिओत ओळ चुकली तर तेवढीच पुन्हा रेकॉर्ड होते, दम तुटला तर बीट, म्हणजे मागचा ताल, झाकून घेतं. आजच्या बॅटलमध्ये बीटच नसतं. लांबलचक तीन राउंड तोंडपाठ हवेत, आणि ज्याच्यावर लिहिलंय तो हातभर अंतरावर उभा राहून तुझ्या तोंडाकडे बघत हसत असतो.

दुसरी अडचण तुझ्या नावाचीच. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला ‘टोटल स्लॉटर’ या बॅटलच्या कार्यक्रमात रॅपर जो बडन हा हॉलो दा डॉन या मुरलेल्या बॅटल रॅपरसमोर उभा राहिला. बडनचं ‘पंप इट अप’ २००३ मध्ये गाजलेलं, स्लॉटरहाउस ग्रुपमध्येही तो होता. तरी तिसऱ्या राउंडमध्ये त्यानं स्वतःच माघार घेतली. नाव झालेल्या माणसाची गाणी, मुलाखती, भांडणं, सगळं जगजाहीर असतं; समोरच्याला आयता दारूगोळा. आणि हॉलोसारखा माणूस तर तुझीच ओळ उचलून जागच्या जागी उलटवतो. (आपल्या कलगी-तुऱ्यातल्या शाहिरांना हे कुणी शिकवायला लागलं नसतं.) तुझ्याबद्दल समोरच्याला सगळं माहीत. तुला त्याच्याबद्दल काय माहीत आहे? त्याच्या निदान पाच बॅटल बघितल्यास का?

तुझे फॅन येतील या भरवशावर राहू नकोस. तिथली गर्दी बॅटलची असते, आणि मोठं नाव पडताना बघायला तिला फार आवडतं.

मोठ्या लीगला इतक्यात होकार कळवू नकोस. आधी एखाद्या मित्राला समोर उभं कर, त्याला मुद्दाम जांभया द्यायला सांग आणि तीनही राउंड न थांबता म्हण. जिथे अडखळशील ती ओळ काप, कितीही लाडकी असली तरी. लागोपाठ तीन दिवस न अडखळता झालं की मला फोन कर. जांभया द्यायला मीही येतो.

तुझा,
दादा