खराब चिकन फेकून दिलं. बिल भरावं लागेल का?

प्रश्न : नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना मी डबे पुरवते. स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो. ठरलेल्या पुरवठादाराकडून सकाळी ७ वाजता १२ किलो थंड चिकनची सीलबंद पाकिटं आली, ती लगेच फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी ५ वाजता उघडली तर मांस चिकट, उग्र वास. पाकिटावरच्या तारखेला दोन दिवस बाकी होते. फोटो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, १० किलो फेकून दिलं. न उघडलेली दोन पाकिटं फ्रीझरमध्ये आहेत. पुरवठादार म्हणतो, तुमचा फ्रिजच बिघडलेला, मालही परत केला नाही, पैसे भरा नाहीतर नोटीस पाठवतो. काय करू?

उत्तर : माल परत केला नाही हा मुद्दा फारसा टिकणारा नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४३ प्रमाणे, नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने माल परत पाठवायलाच हवा असं नाही. नाकारल्याचं कळवलं की पुरे. मात्र वेगळा करार नसावा, म्हणून बिलाच्या मागच्या अटी वाचा. ‘घेतला म्हणजे स्वीकारला’ असंही तो म्हणेल. पण कलम ४१ तपासणीची वाजवी संधी देतं, आणि सीलबंद पाकीट वापरताना त्याच दिवशी उघडणं वाजवीच आहे. स्वीकारला असं धरलं, तरी कलम ५९ प्रमाणे खराबीचं नुकसान किमतीतून वजा मागता येतं. फोटो पाठवताना ‘माल नाकारत आहे’ असं लिहिलं नसेल, तर आजच लिहून पाठवा.

खरी लढाई फ्रिजवर होईल, आणि तिथे जंतूंचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. थंडीत चिकन नासवणारे जंतू मुख्यतः स्यूडोमोनास जातीचे. ४ अंशाला ते साधारण ७-८ तासांत दुप्पट होतात, १० अंशाला ३-५ तासांत. ताज्या चिकनवर दर चौरस सेंटीमीटरला हजार ते दहा हजार जंतू असू शकतात. वास यायला ते सुमारे १ कोटीपर्यंत जावे लागतात, चिकटपणा त्याहून पुढचा. तुमचा फ्रिज १० अंशांवर होता असं मानलं, तरी १० तासांत दोन-तीन वेळाच दुप्पट होणार, म्हणजे दहा हजारांचे फार तर ८० हजार. कोटी नाही. म्हणजे माल तुमच्या दारात आला तेव्हाच बराच पुढे गेलेला होता. बहुधा टेम्पोत किंवा त्याआधी तो तापला.

हा हिशेब फ्रिज चालू असेल तरच उभा राहतो. बाहेरच्या ३५ अंशांत १० तास पुरेसे आहेत. म्हणून त्या दिवशी तुमच्या भागात वीज गेली होती का, महावितरणचा मेसेज आला होता का, ते आधी स्वतःच पाहा. त्याच फ्रिजमधलं दूध त्या दिवशी नासलं नसेल तर तेही ग्राहक आयोगात गेलात तर द्यायच्या प्रतिज्ञापत्रात घाला. आणखी एक खोच : व्हॅक्यूम पाकीट उघडताच आंबूस वास येतो, तो १०-१५ मिनिटांत जातो. तुमच्या चिकनचा वास गेला नाही आणि मांस चिकट होतं, हे स्पष्ट लिहा.

फ्रीझरमधली पाकिटं फोडू नका. गोठवल्याने काही जंतू मरतात, म्हणून मोजणी कमी आली तरी ती तुमच्या विरुद्ध जात नाही. पण जास्त आली, तर ती गोठवण्यापूर्वीचीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. लेबल, बॅच क्रमांक, बिल जपा. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या) प्रमाणपत्रासह द्या.

नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. समोरचा वकील मात्र ‘हा व्यापारी हेतू आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं म्हणणारच, आणि ‘पुनर्विक्रीसाठी खरेदी’ असाही आक्षेप घेईल. त्यावर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) चं स्पष्टीकरण आहे : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेला माल त्या हेतूत धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने एक-दोन मदतनिसांनी ग्राहकाचा दर्जा जात नाही असं म्हटलं. सासूबाईंची मदत अडचणीची नाही. सात-आठ पगारी माणसं असती, तर मी तुम्हाला हा रस्ता सुचवला नसता.

अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येईल. ‘कोणी आजारी पडलं नाही’ हा बचाव तिथे कमकुवत आहे, कारण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३(१)(झेडझेड) मध्ये कुजलेला प्राणिज पदार्थही असुरक्षित अन्नात येतो. (वास आणणारे जंतू सहसा आजार देत नाहीत आणि आजार देणारा साल्मोनेला वास आणत नाही, ही वेगळी गोष्ट.) शिवाय कलम २६(४) प्रमाणे पुरवठादाराचं बिल हीच दर्जाची लेखी हमी धरली जाते. पण अधिकारी तुमचंही स्वयंपाकघर पाहतील. तुमची अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडची (एफएसएसएआय) नोंदणी आधी तपासा.

३ हजारांच्या आसपासच्या बिलासाठी आयोगात जावं का? आधी नाही. नोटीस आली तर वरचा हिशेब, फोटोंची वेळ आणि कलम ४३ मांडून १५ दिवसांत स्पीड पोस्टाने उत्तर द्या. तेवढ्यावर बहुतेकदा विषय थांबतो. तोपर्यंत जुन्या उधारीपोटी काही भरायचं असेल, तर या बिलाची रक्कम वादातील आहे असं लिहूनच भरा. आणि पुढच्या मालाच्या वेळी तापमापक दोन पाकिटांच्या मध्ये दाबून वाचा. ५ अंशांच्या वर असेल तर आकडा डिलिव्हरी चलनावर लिहून टेम्पोवाल्याची सही घ्या.