सीप्लेन राहू द्या, आधी ती सही बघा

रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५९, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त. जवळ १ कोटी ९० लाख आणि राहतं घर. वैमानिक भाच्याला जुहू–तारकर्ली सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, सुरू करायचंय, नऊ आसनी एक विमान भाड्याने घेऊन. प्रश्न असा: त्याच्या कंपनीत ४० लाख शेअर्समध्ये घालू, की १२ टक्क्यांनी कर्जाऊ देऊ? शेवटी ता. क.: "कंपनीच्या ३ कोटींच्या कॅश क्रेडिटला (मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचं कर्ज) हमीदार म्हणून सही केली आहे, ती औपचारिकताच. कर्जासाठी लागते म्हणून बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ६ लाखांची विमा पॉलिसीही दिली, कागद दोन आठवड्यांपूर्वी आले."

प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. दोन्ही नको.

भाच्याच्या आराखड्यात रोज चार फेऱ्या, सगळ्या भरलेल्या, ३३० दिवस, तिकीट ८ हजार. म्हणजे साडेनऊ कोटी. आता पावसाळ्याचे चार महिने काढा, देखभालीचे दिवस काढा; उरतात २००. पाण्यावर तरंगण्यासाठी लावलेल्या फ्लोट्सचं वजन आणि इंधन धरलं की नऊ जण बसत नाहीत, आणि जागा रोज भरतही नाहीत. फेरीला पाच प्रवासी धरू. झाले ३ कोटी २० लाख. खर्च त्याच्याच कागदावर ७ कोटी आहे. इंधन वाचलं म्हणून साडेपाच धरतो, कारण विमानाचं भाडं, वैमानिकांचे पगार आणि विमा पावसाळ्यातही चालूच. वर्षाला सव्वादोन कोटींचा खड्डा. खाऱ्या पाण्यावरून आलेलं विमान रोज गोड्या पाण्याने धुवावं लागतं, तरी गंज सुटत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

भाचा मालदीवचं उदाहरण देतो. तिथे बऱ्याच बेटांवर रिसॉर्टशिवाय काही नाही आणि सीप्लेनचं भाडं पाहुण्याच्या बिलातच लागतं. तारकर्लीच्या पर्यटकाला कुडाळपर्यंत रेल्वे आहे, मोपाचा विमानतळ आहे. आपल्याकडे अंदमानात २०१० मध्ये, जुहूहून आंबी व्हॅलीला २०१४ मध्ये आणि साबरमतीहून केवडियाला २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली. केवडियाच्या वेळी उद्घाटनाला पंतप्रधान होते, तिकिटाला सरकारच्या उडान या अनुदान योजनेचा टेकू होता. महिन्याभरात विमान देखभालीसाठी मालदीवला गेलं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सेवा थांबली. तिन्हींपैकी एकही टिकली नाही.

तरीही ४० लाख बुडाले तर ४० लाखच बुडतील. उरलेल्या दीड कोटीत, महिना ७५ हजार खर्च आणि व्याज महागाईइतकंच धरलं, तर सोळा-सतरा वर्षं निघतील. तंगी होईल, पण निभेल. त्या सहीचं तसं नाही.

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीकडे जावं आणि मग तुमच्याकडे, असा क्रम कायद्यात नाही. त्यातून विमान भाड्याचं. जप्तीला गेलेल्या बँकेला कंपनीत मिळणार टेबलखुर्च्या आणि दोन संगणक. बाकी वसुली तुमच्याकडून. सव्वादोन कोटींच्या खड्ड्यात ३ कोटी सव्वा वर्षात संपतात. तुमच्याकडे घर सोडून तेवढे पैसेच नाहीत. औपचारिकता असती तर बँकेने स्टँपपेपर कशाला आणला असता?

या आठवड्यात दोन कामं करा. आजपर्यंत किती रक्कम उचलली गेली, ते बँकेकडून लेखी मागवा. मग हमीपत्र वकिलाला दाखवा. चालू हमी, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू राहणारी हमी, पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेण्याचा हक्क कलम १३० देतं. तो हक्क सोडून दिल्याची अट बँका दस्तात घालतात. ती आहे का, हे आधी पाहायला हवं. हमी मागे घेता आली तर बँक बहुधा पुढची उचल थांबवेल, भाचा रुसेल, भाऊबीजेला बहीण नीट बोलणार नाही. ते सोसा. मदत करायचीच असेल तर ५ लाख द्या आणि विसरून जा.

आणि ती पॉलिसी! पगार थांबलेल्या माणसाच्या गळ्यात वर्षाला ६ लाखांचा हप्ता, तोही "कर्जासाठी लागते" असं सांगून. ही सरळ फसवणूक आहे. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. अर्ज त्या साहेबांकडे देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या.