स्पोर्ट्स कारच्या पुढच्या ब्रेक डिस्क: साध्या, खाचांच्या की भोकांच्या?

पुढच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) बदलायच्या आहेत, गाडी रोज रस्त्यावर आणि वर्षातून दोन-तीनदा रेसिंग ट्रॅकवर, असं तुम्ही म्हणताय. मग भोकांच्या डिस्क डोक्यातून काढून टाका. दिसतात झकास, पण सतत तापल्या-निवल्या की भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडते. ती पुढच्या भोकापर्यंत पोचली की डिस्क बाद. खाचांच्या चालतील. खाचा पॅडचा, म्हणजे डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या गुटक्याचा, पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात. बदल्यात पॅड जरा लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक मारला की घरघर ऐकू येते.

मी स्वतः ओतीव लोखंडाच्या साध्या व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्कच घेईन. उष्णता साठवायला वजन लागतं, भोकं पाडून ते कमीच होतं. वाचलेले पैसे चांगले पॅड आणि जास्त उत्कलनबिंदूचं ब्रेक ऑइल यांत घाला, ट्रॅकवर फरक तिथे कळतो.

व्यास आणि जाडी मूळ मापाचीच ठेवा. मोठी डिस्क म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), त्याचं ब्रॅकेट आणि कधीकधी चाकंही बदलणं आलं. दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला, नव्या पॅडसकट. आतल्या हवेच्या पट्ट्या वळणदार असतील तर डावी-उजवी वेगळी असते, ते तपासून घ्या.

आणि हो, बसवण्याआधी हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. मी एकदा आळस केला, कणभर गंज राहिला आणि डिस्क किंचित तिरकी बसली. हजारेक किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागलं, आणि मी मात्र बिचाऱ्या डिस्कला शिव्या घालत बसलो होतो.