मर्मर ऐकू येतो, पण सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावताना येणारा) की डायस्टोलिक (हृदय सैल पडताना येणारा) हे ठरत नाही. कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की स्टेथोस्कोपमधून मर्मर, म्हणजे हृदयातल्या रक्तप्रवाहाचा जादा आवाज, ऐकू येतो, पण तो कुठला ते ठरत नाही आणि पुस्तकातलं वर्णन पेशंटच्या छातीवर जुळत नाही. माझं सांगणं असं की मर्मरच्या मागे लागण्याआधी एस-वन (हृदयाचा पहिला ध्वनी) कुठला आणि एस-टू (दुसरा ध्वनी) कुठला ते पक्कं करा. हे दोन वेगळे झाले नाहीत, तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

त्यासाठी ऐकताना अंगठा कॅरोटिडवर (मानेतल्या धमनीवर) ठेवा, एकाच बाजूला आणि हलका. ठोका बोटाला लागायच्या किंचित आधी जो ध्वनी येतो तो एस-वन. मनगटाची नाडी यासाठी वापरू नका, ती उशिरा पोहोचते आणि हिशेब चुकतो. ‘लहान अंतर म्हणजे सिस्टोल’ हा नियम ठोके सावकाश असेपर्यंतच चालतो. मिनिटाला 100 च्या वर गेले की दोन्ही अंतरं सारखीच वाटतात. ठोक्याच्या सोबतीने येणारा मर्मर सिस्टोलिक, दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत येणारा डायस्टोलिक.

सिस्टोलिक ठरला की पुढचा प्रश्न असा, की एस-टू स्वच्छ ऐकू येतो की मर्मरमध्ये बुडतो? एओर्टिक स्टेनोसिसचा (एओर्टिक झडप अरुंद झाल्याचा) मर्मर चढतो, उतरतो आणि एस-टूच्या आधी थांबतो. तो उजव्या दुसऱ्या इंटरकॉस्टल स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधल्या जागेत) ठळक असतो आणि मानेत जातो. मायट्रल रिगर्जिटेशनचा (मायट्रल झडप गळत असल्याचा) साधारणपणे एकाच पट्टीत एस-टूपर्यंत चालतो आणि एपेक्सवरून (हृदयाच्या टोकावरून) काखेकडे जातो. श्वास आत घेताना वाढला तर ट्रायकस्पिड झडपेचा विचार करा. उभं राहिल्यावर किंवा वल्साल्वा (श्वास कोंडून जोर लावणं) करताना वाढला आणि उकिडवं बसल्यावर कमी झाला, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू जाड होणं). एओर्टिक स्टेनोसिस वल्साल्वात उलट कमी होतो.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, ही समजूत मनातून काढून टाका. व्हीएसडीचं (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं) भोक लहान असेल तर मर्मर खणखणीत असतो. याउलट एओर्टिक स्टेनोसिसमध्ये हृदय थकलं की मर्मर मंदावतो, आणि नेमका तोच पेशंट जास्त आजारी असतो. तिथे ग्रेडपेक्षा (आवाजाच्या पायरीपेक्षा) तीन गोष्टी बघा. मर्मरचं शिखर उशिरा येतंय का, एस-टू मऊ झालाय का, आणि कॅरोटिड सावकाश चढतेय का. ग्रेड लिहिताना एवढं लक्षात ठेवा की थ्रिल (हाताला जाणवणारी थरथर) लागली तर ग्रेड 4 किंवा त्याहून वरची.

डायस्टोलिक मर्मर आपण होऊन क्वचितच कानावर पडतात, ते शोधावे लागतात. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण पेशंटला उताणं झोपवून चार जागा ऐकल्या की तपासणी संपली असं धरलं जातं. एओर्टिक रिगर्जिटेशनसाठी (एओर्टिक झडप गळते का ते बघायला) पेशंटला बसवून पुढे वाकवा, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगा आणि डायफ्राम (स्टेथोस्कोपची सपाट बाजू) स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला तिसऱ्या स्पेसमध्ये घट्ट दाबा. तुम्हीही श्वास रोखा, म्हणजे पेशंटला किती वेळ अडकवून ठेवलंय ते कळेल. एस-टूला चिकटून सुरू होणारा, फुंकरीसारखा, विरत जाणारा आवाज शोधायचा आहे.

मायट्रल स्टेनोसिससाठी (मायट्रल झडप अरुंद आहे का ते बघायला) पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, एपेक्स बोटाने शोधा आणि बरोबर तिथेच बेल (स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू) अलगद टेकवा. बेल दाबली की खालची कातडी ताणून डायफ्रामचं काम करते आणि या मर्मरची खालच्या पट्टीची घरघर नाहीशी होते. ऐकू आली नाही तर पेशंटला दोन-चारदा उठवून-बसवून लगेच पुन्हा ऐका. ठळक एस-वन आणि एस-टूनंतरचा ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाचा टिचकीसारखा आवाज) हे दोन्ही सापडले, तर घरघर असणारच असं धरून शोधा.

एस-थ्री आणि एस-फोर हे जादा ध्वनीही बेलनेच ऐका, त्याच कुशीवर. एस-थ्री एस-टूनंतर लगेच येतो. तरुणात तो नॉर्मल असू शकतो, पण चाळिशीनंतर हार्ट फेल्युअर आधी मनात आणा. एस-फोर एस-वनच्या जरा आधी येतो आणि कडक झालेल्या व्हेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) खूण असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात तेव्हा) तो असूच शकत नाही. एस-टूचं स्प्लिट (दोन भागांत फुटलेला आवाज) श्वासाबरोबर हललंच नाही, तर एएसडीसाठी (वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या भोकासाठी) इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

निरुपद्रवी मर्मर मऊ, आखूड आणि सिस्टोलिक असतो, थ्रिल नसते आणि एस-टू नॉर्मल असतो. डायस्टोलिक मर्मर मात्र कधीच निरुपद्रवी धरू नका, इको कराच. आणि नवा मर्मर तापासोबत आला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घ्या.