जिलाँगच्या खेळाडूंवर लिहायला घेशील तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा मिळाला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या जिलाँग क्लबचे दहा मोठे खेळाडू, प्रत्येकी दीडशे शब्द, आणि क्रम सामने व गोल यांच्या आकड्यांवरून. विषय झकास आहे, क्रम मात्र मोडून टाक. क्लब १८५९ चा. एवढ्या काळात मोजायची पद्धत कितीदा तरी बदलली, त्यामुळे आकडे नुसते उतरत्या क्रमाने लावलेस की भलताच माणूस वर येईल आणि ग्रॅहम फार्मरसारखा मोठा खेळाडू यादीतूनच गळेल.

सुरुवातीलाच दोन वाक्यांत खेळ सांगून टाक: लंबगोल मैदान, बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, गोलरक्षक नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू म्हणजे गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण. हे आधी आले नाही, तर मराठी वाचक ‘१०२१ गोल’ वाचून मेस्सीशी तुलना करत बसेल.

आता नावांचा घोळ. गॅरी अ‍ॅब्लेट दोन आहेत, बाप आणि लेक. दरवेळी थोरला की धाकटा ते लिहायचेच. थोरल्याने जिलाँगकडून २४२ सामन्यांत १०२१ गोल केले, त्याआधी हॉथॉर्न या दुसऱ्या क्लबकडून ६ सामन्यांत १०. म्हणून कुठे १०२१ दिसेल, कुठे १०३१, दोन्ही बरोबर. धाकट्याचे एकूण सामने ३५७, पण त्यातले ११० गोल्ड कोस्टचे, जिलाँगचे २४७. जोएल सेलवुडचे ३५५ च्या ३५५ जिलाँगचे. क्लबचा तो विक्रम २०२४ मध्ये टॉम हॉकिन्सने ३५९ वर नेला. तू एकूण बेरीज धरलीस म्हणून तुझ्या यादीत धाकटा सेलवुडच्या वर जाऊन बसला आहे. डग वेडचेही तेच: १०५७ गोलांतले ८३४ इथले, बाकी २२३ नॉर्थ मेलबर्नचे. तक्त्यात दोन रकाने कर, ‘क्लबसाठी’ आणि ‘एकूण’.

पदकांची मते आणखी फसवी. हंगामातल्या उत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर ठरते. एडवर्ड ‘कार्जी’ ग्रीव्ह्जने १९२४ चे पहिलेवहिले ब्राउनलो पदक ७ मतांवर जिंकले, आणि पॅट्रिक डेंजरफील्डने २०१६ मध्ये ३५ मतांवर. म्हणजे डेंजरफील्ड पाचपट मोठा, असे नव्हे. तेव्हा पंच एका सामन्यात एकाच खेळाडूला एकच मत देत. ३-२-१ ही पद्धत १९३१ पासूनची, शिवाय हंगामही लहान असे. जाता जाता हेही टाक की हे पदक ज्याच्या नावाचे, तो चार्ल्स ब्राउनलो जिलाँगचाच खेळाडू आणि पुढे क्लबचा सचिव. क्लबचे स्वतःचे वार्षिक पदक ग्रीव्ह्जच्या नावाने देतात.

सर्वाधिक गोलांच्या कोलमन पदकासाठी फक्त साखळी सामने धरतात. थोरल्या अ‍ॅब्लेटचे १९९४ चे गोल १२९, पण पदकाच्या यादीत ११३. १९९३ ला मात्र दोन्हीकडे १२४, कारण त्या वर्षी जिलाँग बाद फेरीत पोचलेच नाही. हे १२४ त्याने १७ सामन्यांत केले.

१९८९ ची अंतिम लढत एमसीजीवर झाली, ती थोडी सविस्तर घे. हॉथॉर्न २१.१८ (१४४), जिलाँग २१.१२ (१३८). आधी गोल, मग बिहाइंड, कंसात गुण. गोल दोघांचे सारखेच, २१; जिलाँग हरले ते सहा बिहाइंडनी. त्यातले ९ गोल एकट्या अ‍ॅब्लेटचे, आणि सामनावीराचे नॉर्म स्मिथ पदक हरलेल्या संघातल्या त्यालाच मिळाले. धावफलक छापलास की विशेषणे लागणारच नाहीत.

सर्वांत जास्त जागा ग्रॅहम ‘पॉली’ फार्मरला दे. तुझ्या क्रमात तो कुठेच नाही, कारण सामने अवघे १०१, १९६२ ते १९६७. नूंगार या आदिवासी समाजातला हा रकमन (पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी उंच झेपावणारा खेळाडू) ईस्ट पर्थ क्लबातून आला, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने तो हंगाम जवळजवळ वाया गेला. त्यापुढची अडचण अशी की खेळाडूगणिक हँडबॉलचे आकडे १९६५ पासूनचेच मिळतात. पहिल्या तीन हंगामांची नोंद नाही. म्हणून त्याची कृतीच दाखवावी लागेल. चेंडू फेकता येत नाही, फेकला तर प्रतिपक्षाला फ्री किक. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, हा हँडबॉल. लाथ मारायला जागा नसली की तेव्हाचे खेळाडू नाइलाजाने तो करत. फार्मर उंच झेपावून चेंडू हातात घ्यायचा आणि पाठीवर प्रतिस्पर्धी असतानाही, वेगात पुढे निघालेल्या बिली गॉगिनच्या वाटेत तो नेमका ठोसायचा. चेंडू साथीदाराकडे नाही, तो दोन पावलांनी जिथे पोचणार तिथे. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आत घालायचा त्याचा सराव प्रसिद्ध आहे. १९६३ चे विजेतेपद (जिलाँग १०९, हॉथॉर्न ६०) याच जोडीच्या काळातले. त्यानंतरचे थेट २००७ साली. १९९६ मध्ये लीगने निवडलेल्या शतकाच्या संघात रकमन म्हणून फार्मरच आहे. २०१९ मध्ये तो गेला, आणि मेंदूच्या तपासणीत सीटीई निघाला, डोक्यावर वारंवार बसणाऱ्या मारांशी जोडलेला आजार. हे गाळू नकोस.

बचावपटूंना गोलांनी मोजणे म्हणजे यष्टिरक्षकाला बळींनी मोजणे. बर्नी स्मिथने १९५१ चे ब्राउनलो बॅक पॉकेटमधून मिळवले, आणि ती जागा बचावाच्या कोपऱ्यातली, कुणाच्या नजरेत न भरणारी. त्याचे टॅकल (प्रतिस्पर्ध्याला पकडून थोपवणे) शोधत बसू नकोस, टॅकल १९८७ पासून मोजतात. मॅथ्यू स्कार्लेटसाठी २००९ च्या अंतिम सामन्यातला एक क्षण पुरे: शेवटचा क्वार्टर, गुण बरोबरीत, आणि पडलेला चेंडू उचलायला वाकायच्या ऐवजी त्याने बुटाच्या टोकाने तो धाकट्या अ‍ॅब्लेटकडे ढकलला. तिथून सुरू झालेल्या चढाईवर पॉल चॅपमनने गोल केला. जिलाँग १२ गुणांनी जिंकले.

स्कार्लेट, हॉकिन्स, धाकटा अ‍ॅब्लेट या तिघांचेही वडील जिलाँगचेच खेळाडू, त्यामागे नियम आहे. वडील क्लबसाठी निदान १०० सामने खेळलेले असले, तर मुलावर क्लबचा पहिला हक्क. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, हॉकिन्ससाठी क्लबने तिसऱ्या फेरीतली ४१ वी निवड खर्च केली, म्हणजे जवळपास फुकटच. पुढच्याच वर्षापासून इतर क्लबांना बोली लावायची मुभा मिळाली. नुसते ‘घराण्याचा वारसा’ लिहून मोकळा होऊ नकोस.

महिला संघ २०१९ पासून एएफएलडब्ल्यू या महिलांच्या लीगमध्ये आहे. त्यांचा हंगाम लहान, म्हणून तक्ता वेगळा ठेव.

प्रत्येक नोंदीत आधी मैदानावरची जागा, मग एक प्रसंग, आणि आकडा शेवटी, सालासकट. ग्रीव्ह्ज आणि फार्मर आधी लिहून पाठव. सेलवुडची घाई नाही, त्याचे सगळे सामने चित्रित आहेत.

तुझा,
एक जुना वाचक