पॉलिसी घेण्याआधी दुकान कोणाचे ते ठरवा

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या ३६ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. दरवर्षी दीड लाख रुपये १२ वर्षे भरल्यास २० वर्षांच्या अखेरीस ३६ लाख देणारी पॉलिसी त्यांना बँकेतूनच सुचवली गेली आहे आणि ती घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी ते सहज लिहून जातात की दोन वर्षांपूर्वी श्रावणात वडील वारले, पण परवाने, जीएसटी नोंदणी, दुकानाचा गाळा आणि १८ लाखांचे कॅश क्रेडिट खाते (म्हणजे व्यवसायासाठी बँकेने दिलेले, लागेल तसे उचलायचे कर्ज) अजून वडिलांच्याच नावावर आहे. वडिलांनी हयातीत मुखत्यारपत्र करून ठेवल्यामुळे ‘सह्यांची अडचण येत नाही’. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. दोन्ही बहिणी परभणी आणि नांदेडला सासरी आहेत, आणि ‘दुकान माझेच’ असे ते लिहितात.

पॉलिसी घेऊ नका. १८ लाखांचे ३६ लाख होणार हे ऐकायला मोठे वाटते, पण तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेचौदा वर्षे अडकणार आहे, आणि तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. त्याच बँकेला तुम्ही कॅश क्रेडिटवर ११ टक्के व्याज देता. हेच दीड लाख त्या खात्यात भरले तर वर्षाला साडेसोळा हजार वाचतात. अकरा टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असलेल्या दुकानदाराला पाच टक्क्यांची योजना विकणे हा सल्ला नव्हे, आणि कर्जमर्यादा वाढवून देण्यासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती मुखत्यारपत्राच्या त्या ओळीची. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. म्हणजे गेली दोन वर्षे तुम्ही त्याच्या आधारे जे चेक दिले, ते अधिकाराशिवाय दिले आहेत. एकल मालकीच्या दुकानाला मालकापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते, त्यामुळे वडिलांच्या नावाची जीएसटी नोंदणीही तशीच चालवता येत नाही. व्यवसाय पुढे चालवणाऱ्या वारसाने ३० दिवसांत स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो, आणि शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ या फॉर्मद्वारे नव्या नोंदणीवर घेता येते. वडिलांच्या निधनानंतरचा नफा त्यांच्या पॅनवर दाखवला जात असेल तर तेही चूक आहे. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे तीन परवाने वेगवेगळे असतात. ऐन खरिपात गुणनियंत्रण निरीक्षकाने ते मागितले आणि विक्रीबंद आदेश दिला, तर वर्षाची कमाई त्या पंधरवड्यात जाईल. मालाचा विमा वडिलांच्या नावावर असेल तर आग लागल्यावर दाव्याचे काय होईल, याचाही विचार करा.

आता ‘दुकान माझेच’ या तुमच्या शब्दांकडे येतो. मृत्युपत्र नसेल आणि आजी हयात नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई, तुम्ही आणि दोन्ही बहिणी असे चौघे सारखे वारस आहात. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार गाळा २५ लाख, माल २० लाख, उधारी १४ लाख. कर्ज वजा जाता राहतात सुमारे ४१ लाख, आणि तुमच्या वाट्याला येतात दहा लाखांच्या आसपास. कंपन्यांची देणी धरली तर त्याहून कमी. नॉमिनी म्हणून तुमचे नाव असले तरी एवढ्याने मालकी मिळत नाही. बहिणी आज काही मागत नाहीत म्हणून हे टाळू नका. आज संबंध चांगले आहेत तोवरच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून, त्यांना योग्य तो मोबदला देऊन किंवा त्यांनी स्वखुशीने हक्क सोडल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. त्यांच्या मुलांशी वीस वर्षांनी हा व्यवहार करणे तुमच्या मुलांना जड जाईल.

उधारीचे काम मात्र सोयाबीनचे पैसे शेतकऱ्यांच्या हातात येतील त्याच आठवड्यात करायचे आहे. १४ लाखांपैकी निम्मी रक्कम वडिलांच्या हयातीतील आहे. त्यांच्या शेवटच्या खरिपातील मालाच्या उधारीसाठी दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत येत्या पावसाळ्यात संपते, आणि त्याआधीच्या हंगामांची बहुधा संपलीही असेल. मुदत शिल्लक असलेल्या प्रत्येक खातेदाराकडून बाकी मान्य असल्याचा मजकूर सही व तारखेसह लिहून घ्या, म्हणजे मुदत नव्याने सुरू होते. शिवाय मृताचे येणे कोर्टातून वसूल करायचे तर वारसा प्रमाणपत्राशिवाय (सक्सेशन सर्टिफिकेट) हुकूमनामा मिळत नाही, म्हणून तो अर्ज आत्ताच दाखल करा.

याच महिन्यात सनदी लेखापालाला आणि दिवाणी वकिलाला भेटा, आणि मगच मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः बँकेत जा. बँक खाते काही काळ गोठवील, हे गृहीत धरून दोन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवा. नवे कर्ज तुमच्या नावाने मंजूर होईल तेव्हा आईला जामीनदार करू नका, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच पूर्ण असते.

पॉलिसीच्या दीड लाखांतून एक कोटीचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. निरोगी आणि निर्व्यसनी माणसाला तुमच्या वयात वर्षाला साधारण पंधरा-वीस हजार पडतात. उरलेले सगळे कॅश क्रेडिटमध्ये जाऊ द्या. विमा पत्नी व मुलांच्या लाभासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली काढा, म्हणजे दुकानाच्या कर्जदात्यांना त्या रकमेवर सहसा हक्क सांगता येत नाही. हा पर्याय प्रस्तावाचा अर्ज भरतानाच नोंदवायचा असतो. एजंट तो पुष्कळदा रिकामा सोडतात, म्हणून सही करण्यापूर्वी स्वतः पाहा.