लाडघरच्या किनाऱ्यावर सापडलेल्या लाल-पिवळ्या गोट्यांपैकी जास्पर कोणते आणि अकीक कोणते, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आपण दापोलीजवळच्या लाडघरच्या पुळणीवरून ओंजळभर लाल, पिवळे आणि दुधी गोटे आणले आहेत आणि प्रयोगशाळेत न जाता त्यांतले जास्पर आणि अकीक (अ‍ॅगेट), म्हणजे सिलिकेचे हे दोन कठीण दगड, ओळखता येतील का, असे विचारले आहे. मी दापोली तालुक्यातच राहतो आणि अनेक वर्षे ओहोटीच्या वेळी हेच गोटे पाहत हिंडतो. त्या अनुभवावरून सांगतो की बहुतेक गोटे घरीच ओळखता येतात. मात्र रंगावर मुळीच विसंबू नये. पाणी तांबूस दिसते म्हणून लाडघरला तामसतीर्थ म्हणतात, आणि अशा किनाऱ्यावर लाल गोटा मिळणे हा जास्परचा पुरावा होत नाही. जांभ्याचा तुकडा लाल असतो, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडणारी भाजल्यासारखी माती लाल असते, आणि लाटांनी घासून गुळगुळीत केलेले कौलही लालच असते. मी स्वतः तीन वर्षे जास्पर म्हणून जपलेला एक सुंदर गोटा शेवटी कौलाचा तुकडा निघाला. त्याची एक कड फुटल्यावर आतली एकसारखी भाजलेली माती दिसली.

म्हणून गोटे प्रथम गोड्या पाण्याने धुऊन एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावेत, कारण ओला असताना प्रत्येकच दगड रत्नासारखा दिसतो. मग एकेक गोटा वाटीभर पाण्यात सोडून नीट पाहावे. जांभा आणि कौल पाणी पितात. त्यांच्या अंगातून बारीक बुडबुडे निघत राहतात आणि बाहेर काढल्यावर ते बराच वेळ ओलसर राहतात. जास्पर आणि अकीक पाणी पीत नाहीत, फडक्याने पुसले की लगेच कोरडे होतात. सुकलेला तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि तो किंचित चिकटला, तर ती माती किंवा कौल समजावे.

दुसरी कसोटी कठीणपणाची, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची. जास्पर आणि अकीक ही दोन्ही कॅल्सेडोनीचीच रूपे, म्हणजे सिलिकाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची, आणि खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोहसच्या मापावर त्यांचा कठीणपणा ६.५ ते ७ असतो. पोलादी चाकूचे टोक गोट्यावर जोर देऊन ओढावे. करडी रेघ उमटली म्हणून लगेच निराश होऊ नये. बोटाने ती पुसून पाहावी. पुसली गेली, तर ती चाकूचीच धातू होती आणि दगडावर ओरखडा आलेला नाही. खाच राहिली, तर तो दगड कॅल्सेडोनी नव्हे. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतले पांढरे गोळे अनेकांना अकीक वाटतात, पण त्यांतले कितीतरी झिओलाइट किंवा कॅल्साइट या मऊ खनिजांचे असतात आणि चाकूने सहज ओरबाडले जातात. कॅल्साइटची पूड लिंबाच्या रसात टाकली तर बारीक फेस येतो.

कठीण ठरलेले गोटे अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यावर टेकवून पाहावेत. कडेने उजेड पाझरला आणि आत थरांच्या रेषा दिसल्या, तर अकीक. पातळ कडेलाही उजेड अडला, तर जास्पर. रेषा नसून उजेड मात्र सर्वत्र सारखा पाझरत असेल, तर त्याला साधी कॅल्सेडोनी म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हा फरक कसा पडतो, हे कळले की ओळखणे सोपे जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला, त्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत झिरपलेल्या पाण्यातली सिलिका थरावर थर बसत गेली, तो अकीक. त्याच सिलिकेत लोहाची ऑक्साइडे आणि माती भरपूर मिसळली, तर प्रकाश अडतो आणि जास्पर तयार होतो. त्यामुळे एकाच गोट्याचा अर्धा भाग जास्पर आणि अर्धा अकीक असणेही शक्य आहे, आणि तसा गोटा मिळाला तर तो जरूर जपावा.

गोटा फुटलेला असेल, तर त्या जागेकडे भिंगातून पाहावे. दोन्ही दगड शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र फुटतात आणि तिथली चमक मेणासारखी असते. जांभ्याचा भंग भुसभुशीत आणि छिद्रांचा असतो. गोटे मुद्दाम फोडू नयेत. कपच्या डोळ्यांत जातात आणि दगडही वाया जातो. पर्यटकांच्या दुकानांत मिळणारे भडक निळे आणि गुलाबी अकीक तुलनेसाठी वापरू नयेत, ते बहुधा रंगवलेले असतात आणि रंग त्यांच्या भेगांत गडद साचलेला दिसतो.

पुढे कधी वेंगुर्ल्याकडे रेडीच्या बाजूला गेलात, तर तिथला खडक वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे. त्या भागात लोहखनिज आहे आणि लाल व करड्या सरळ पट्ट्यांचे जे दगड तिथे मिळतात, ते पाहून अकीक सापडला असे वाटू शकते. तसा दगड हाताला आकाराच्या मानाने जड लागतो आणि टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासला तर तांबडी रेघ सोडतो. अकीक अशी रेघ सोडत नाही.